फेस मागणारे हमीदभाई

देवगाव फाट्यावर माझं चहाचं हॉटेल आहे. शेजारी हमीदभाई गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे. रोज सकाळी वाटी घेऊन मोरीपाशी हजर. "आक्का, फेस द्या." एसीच्या नळ्यांत थोडा गॅस सोडायचे, वरून भांड्याच्या साबणाचा फेस लावायचे आणि उकिडवे बसून बघायचे. बुडबुडा फुगला तिथे गळती.

माणूस तोंडाने फटकळ. "नुसता गॅस भरा, घाई हाय," असं कुणी म्हटलं की म्हणायचे, "मग फुगेवाल्याकडं जा. गॅस उन्हानं वाळत न्हाई. गळायलाय म्हंजी भोक हाय." चूक गाडीवाल्याची असली तर चारचौघांत सांगायचे. माझा चहा पाणचट झाला तर तेही. असा माणूस मला परवडतो.

माझे जावई भाड्याची गाडी चालवतात. एकदा ती उलटली, थोडक्यात वाचले. तेव्हापासून माझी लेक सुनंदा दर अमावस्येला गाडीच्या पुढच्या जाळीला लिंबू, मिरच्या, बिब्बा बांधते. माझा त्यावर विश्वास नाही. जावयांचाही नाही, पण ते बांधू द्यायचे.

मागच्या उन्हाळ्यात एसीचा गॅस टिकेना. सवाऱ्या कुरकुर करायच्या आणि जावई घरी येऊन सुनंदावर डाफरायचे. शेवटी दोघं गाडी घेऊन फाट्यावर आले. ती माझ्याजवळ बसून म्हणाली, "माय, ते म्हणायलेत, तुझं लिंबू पयलं काढून फेकतो. ते काढलं तर हे घरी येईस्तोवर माझा जीव थाऱ्यावर राहायचा न्हाई."

मी हमीदभाईंना चहा द्यायला गेले, तर बुडबुडा नेमका लिंबाच्या मागे. लिंबू ओवलेल्या तारेचं टोक जाळीतून आत शिरून नळीला घासत होतं. हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग लांब बसलेल्या सुनंदाकडे. पकडीने तार तोडली आणि खिशात टाकली.

"काय निघालं?" जावई हॉटेलातून आले.

"दगड. म्होरच्या गाडीच्या चाकाखालून उडाल्याला."

त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. धड जमलंही नाही. मान वर केली नाही. नळी झाळली, गॅस भरला. मग लिंबू-मिरच्या दोऱ्यात ओवून स्वतः खाली नंबरपाटीला बांधल्या.

जावई हसले. "हमीदभाई, तुमीबी?"

"जाळीला हवा लागू द्या. अन् बाईला घोर नगं."

नंतर मला हळूच म्हणाले, "आक्का, लेकीला सांगा, दोराच बांध. तार नगं."

या थंडीत हमीदभाई गेले. कब्रस्तानातून जावई थेट माझ्याकडे आले. बाहेर त्यांच्या गाडीला दोऱ्यातलं लिंबू लटकत होतं.

"मामी, तवापासून गाडी गळली न्हाई. दगड नेमका कुठं लागला, ते त्यांनाच घावलं."

"हो, दगडच होता," मी म्हटलं आणि त्यांच्यापुढे चहा ठेवला. मला खोटं जमत नाही. तेवढं एक जमलं.