कानपूरवाला

गंगाकाठच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या यज्ञेश्वर टोकेकरांना टायरचं वेड कसं लागलं, हे त्यांच्या घरात कुणालाच नीट सांगता येत नसे. वडील अमृतराव घाटावर याज्ञिकी करायचे, आजोबाही तेच करायचे. यज्ञेश्वरांनाही मुंज झाल्यावर संथेला बसवलं होतं. पण आवाज असा, की त्यांनी पुण्याहवाचन सुरू केलं की यजमान उठून खिडकी लावून घेत. शेवटी वडिलांनीच हात टेकले. राजघाटच्या पुलापलीकडे पडाव या वस्तीत मिसिरजी नावाच्या गृहस्थांची माल वाहून नेणारी कंपनी होती, तिथे कोठारावर त्यांना चिकटवून दिलं.

त्या काळात मिर्झापूरच्या दक्षिणेला डोंगरात वीजघरं उभी राहत होती, आणि त्यांची घराएवढी यंत्रं मिसिरजींचे ट्रेलर ओढून नेत. यज्ञेश्वर कोठारात बसल्या बसल्या या विद्येत शिरले ते शिरलेच. नवा टायर आला की आधी त्याच्या अंगावरची अक्षरं वाचायची, मग आत हात घालून चाचपायचं, मग डोळे मिटून वास घ्यायचा. चाकाची तपासणी निराळी. त्यावर हातोडी मारून कान लावायचा. घंटेसारखं वाजलं तर चाक धड, भद्द वाजलं तर कुठेतरी तडा.

"टायर म्हणजे चिरोटा," ते पत्नीला, प्रभावतीबाईंना, सांगत. "वरून सगळे सारखे. आत पदर किती ते बघायचं. मागे अवजड ट्रेलर ओढायचा तर पदर भरपूर हवेत. नाहीतर भाराखाली पोट सुटतं."

"अहो, मी चिरोटेच तळते आहे," प्रभावतीबाई म्हणत. "निदान दिवाळीत तरी रबराचं नाव काढू नका."

पण सगळ्यांत जास्त जीव त्यांचा जोडीवर. ट्रेलरला मागे दोन-दोन टायर शेजारी शेजारी असतात. त्या दोघांची उंची एक हवी, वय सारखं हवं, झीज सारखी हवी. यज्ञेश्वर सुतळी घेऊन एकेकाचा घेर मोजत आणि मगच जोडी लावून देत. ड्रायव्हर लोक त्यांना 'टायरचे पंडितजी' म्हणत. ही थट्टा होती, पण यज्ञेश्वरांना ती पदवी वाटे.

त्यांची मुलगी बकुळ मुलींच्या शाळेत शिकवायची. तिला कानपूरचं स्थळ सांगून आलं. मुलगा शरद, तारखात्यात नोकरीला, स्वभावानं गरीब. एका रविवारी तो आपले मामा शिवरामपंत यांच्याबरोबर मुलगी बघायला आला. शिवरामपंत म्हणजे करकरीत इस्त्रीचं धोतर, आणि त्याहून करकरीत चेहरा. शरद बकुळपेक्षा दोन बोटं बुटका निघाला, पण ते कुणी बोललं नाही. पोहे झाले, चहा झाला. मृणालिनीआत्यांचं काय चाललंय, कालिंदीच्या मुलाची मुंज कधी, अशा नातेवाइकांच्या चौकशा झाल्या. शिवरामपंत हात धुवायला चौकातल्या नळाशी गेले.

नेमका त्याच वेळी मोहन दारात आला. मोहन मिसिरजींचा ट्रेलर चालवायचा. जन्मापासून दुर्गाघाटावरचा, मराठी घरांत खेळून मोठा झालेला, त्यामुळे मराठी फडाफडा बोलायचा. घाईत होता. सकाळीच एक व्यापारी कानपूरहून टायर आणि चाकं घेऊन पडावला आला होता. चाकांना चांदीसारखा रंग दिलेला होता आणि मिसिरजी त्या रंगावर भाळले होते. यज्ञेश्वरांनी तो माल आदल्याच आठवड्यात मोगलसरायच्या बाजारात हाताळून पाहिला होता. ते उठून दाराशी गेले.

नळाशी ओंजळ धरून उभ्या असलेल्या शिवरामपंतांना मात्र एवढंच ऐकू आलं :

"काका, कानपूरवाला येऊन बसलाय. हो म्हणायचं का नाही?"

"अजिबात नाही."

"पण दिसायला तर एकदम झक्कास आहे."

"दिसण्यावर काय जातोस? वरवरचा रंग आहे तो. पोटात काही नाही. भार पडला की बसेल."

"इतका कच्चा?"

"कच्चा तर आहेच, शिवाय एकदा वापरलेला आहे. मी वास घेऊन बघितलाय. वरून नवीन कातडं चढवून आपल्या गळ्यात मारताहेत."

शिवरामपंतांच्या ओंजळीतलं पाणी धोतरावर सांडलं.

"आणि आपल्या जोडीला तो शोभायचा नाही," यज्ञेश्वर पुढे म्हणाले. "बुटका आहे. एक बुटका असला की सगळा भार दुसऱ्यावर येतो. वर्षाच्या आत फुटेल बिचारी जोडी. सांग, आल्या पावली कानपूरला परत जा."

शिवरामपंत तडक बैठकीत आले. "शरद, ऊठ," ते म्हणाले.

शरदच्या हातात दुसरी बशी होती. तो पोह्यांसकट उठला.

"काय झालं?" प्रभावतीबाई घाबरून म्हणाल्या.

"विचारा तुमच्या यजमानांना. माझ्या भाच्याचा वास घेतलाय म्हणे त्यांनी."

यज्ञेश्वर तेवढ्यात आत आले. त्यांच्या डोक्यात अजून पडावच होतं. शिवरामपंतांनी विचारलं, "टोकेकर, कानपूरचा माल तुम्हाला पसंत नाही, हे खरं?"

"मुळीच नाही," यज्ञेश्वर जोरात म्हणाले. त्यांना बरंच वाटलं, की पाहुण्यांनाही या विषयात गोडी आहे. "तुम्ही कानपूरचेच ना? मग तुम्हाला कल्पना असेलच. असले किती तिथे पडून आहेत, कुत्रं विचारत नाही."

बकुळ पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. शरदनं बशी खाली ठेवली आणि स्वतःच्या बाहीचा हळूच वास घेतला. मग मात्र बकुळला राहवेना.

"मामा," ती म्हणाली, "अप्पा टायरबद्दल बोलताहेत."

"टायरबद्दल," शिवरामपंत म्हणाले. "टायरला पोट असतं? टायर बुटका असतो? मी काय दुधखुळा आहे?"

आता यज्ञेश्वरांना सगळा प्रकार कळला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी शपथा घेतल्या. गंगेची घेतली, दूधविनायकाची घेतली. शिवरामपंत ढिम्म. अखेर मोहनच म्हणाला, "साहेब, चला ना पडावला. डोळ्यांनी बघा."

सगळी वरात हमरस्त्यापर्यंत पायी गेली आणि तिथून रिक्षांनी पूल ओलांडून निघाली. एका रिक्षात दोन्ही व्याही पाठ वळवून बसले होते. बसायला जागा इतकी थोडी, की पाठ वळवणं फार कठीण गेलं.

पडावच्या आवारात चांदीच्या रंगाची चाकं उन्हात चकाकत होती. मिसिरजी त्यांच्यापुढे खाट टाकून नवरदेवाच्या बापासारखे बसले होते. "आइए पंडितजी," ते म्हणाले, "हे कोण पाहुणे?"

"हे परीक्षा बघायला आलेत," यज्ञेश्वर म्हणाले, आणि कामाला लागले. त्यांनी शरदच्या हातात सुतळीचं एक टोक दिलं आणि जोडीतल्या दोन्ही टायरचा घेर मोजला. एकाची सुतळी दुसऱ्याला पुरेना. मग त्यांनी हातोडी शिवरामपंतांना दिली.

"तुम्हीच मारा."

शिवरामपंतांनी आधी कंपनीच्या जुन्या, गंजक्या चाकावर मारली. टण्णकन वाजलं. मग चांदीच्या चाकावर मारली. भद्द. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा भद्द. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू उलगडू लागली. त्यांनी शेजारच्या चाकावर मारली, मग पलीकडच्या, मग उभ्या ट्रकच्या, मग मिसिरजींच्या खाटेच्या पायावर.

"हा पाय बदलून घ्या," ते गंभीरपणे म्हणाले.

मिसिरजींना तरी पटेना. रंग फार छान होता. म्हणून मोहननं ती जोडी ट्रेलरला चढवली, ट्रेलरवर लोखंडी गर्डर होतेच, आणि आवाराला फेरी मारली. पहिली फेरी ठीक गेली. दुसऱ्या फेरीत वळणावर, सापानं कात टाकावी तसं एका टायरचं नवं कातडं सुटलं आणि मागे फरपटत येऊ लागलं. खालून जुना, गुळगुळीत टायर निघाला. चाकाच्या रंगाचा पोपडा उडाला, आणि त्याखाली सांधलेला तडा दिसला. व्यापारी बिडी आणायला म्हणून गेला, तो परत आलाच नाही.

शिवरामपंत खाली वाकले. त्यांनी त्या जुन्या टायरचा वास घेतला.

"वापरलेला," ते म्हणाले.

मिसिरजींनी यज्ञेश्वरांच्या पसंतीचे भरपूर पदरांचे टायर आणि साधी काळी चाकं कलकत्त्याहून मागवली. यज्ञेश्वर पहिल्या खेपेला स्वतः ट्रेलरवर बसून गेले, वाटेत भेटेल त्याला त्या टायरचे गुण सांगत. मिर्झापूरच्या अलीकडेच त्यांच्या सर्वांत लाडक्या टायरमध्ये बैलाच्या नालेचा खिळा घुसला. मोहननं चाक बदललं. यज्ञेश्वर तेवढा वेळ एका झाडाकडे बघत उभे होते. यंत्र मात्र डोंगर चढून सुखरूप वीजघरात पोचलं.

आवारातल्या त्या दुपारीच, सगळे टायरभोवती गोळा झालेले असताना, शरद बकुळला म्हणाला होता, "मी खरंच बुटका आहे."

"मी उंच आहे," बकुळ म्हणाली. "कुणाची तरी चूक असणारच. चालेल."

मार्गशीर्षात लग्न झालं. शरदला सायकल येत नव्हती. ती बकुळनं पहिल्या वर्षातच शिकवली, आणि रोज संध्याकाळी कानपूरच्या परेडच्या मैदानावर हा जावई पडायचा आणि ही उचलायची. यज्ञेश्वर पहिल्यांदा लेकीकडे गेले, तेव्हा घरापर्यंत पोचायला त्यांना फार उशीर झाला. स्टेशनबाहेर एक बस उभी होती. तिची मागची जोडी त्यांना संशयास्पद वाटली, म्हणून ते उकिडवे बसून बघत राहिले. बस निघून गेली. ते दुसरी यायची वाट बघत तिथेच बसले.