आण्णांच्या पोपटांची पाठ

माझ्या माहेरच्या देवळाचं शिखर आण्णांनी बांधलं. आण्णा म्हणजे माझे वडील, गवंडी होते. गाव घोड नदीच्या काठी, इनामगावच्या पुढं. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी त्यांच्या हाताखाली गेले. खाली माल कालवायचा, घमेली भरून द्यायची, एवढंच माझं काम. वर न्यायला दुसऱ्या बायका होत्या. मला उंचीची भीती. चार पायऱ्या चढले तरी भिंत धरायचे.

शिखराच्या तिसऱ्या थरावर आण्णांनी सिमेंटचे पोपट केले. शिखराभोवती बांधलेल्या बांबूच्या पायाडावरून ते हाक मारायचे, "वर ये गं, पोपट बघून जा."

"हितनं दिसत्यात की," मी म्हणायचे.

"हितनं नुसतं प्वाट दिसतंय त्याचं!"

बायका हसायच्या. मी मान खाली घालून फावडं ओढायचे. काम संपलं, पायाड सुटलं आणि त्याच वर्षी लग्न होऊन मी भांडगावला आले. आता आण्णांना जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. माहेरी गेले की देवळापुढं उभी राहून वर बघायची सवय लागली होती. पोटंच दिसायची.

यंदा शिखराला नवा कळस बसवायचं ठरलं. आमच्याकडं कळस चढतो तेव्हा गावच्या सगळ्या लेकींना बोलावणं असतं, त्यांची ओटी भरतात. भावानं फोन केला तो त्यासाठी. बोलता बोलता म्हणाला, "रंगवालं आल्यात. पायाड बांधलंय. पोपटांना हिरवा ऑइलपेंट मारायचा हाय."

फोन ठेवला तरी ते डोक्यातून जाईना. आण्णांनी सिमेंट लिंपायच्या करणीच्या टोकानं काढलेल्या रेघा रंगानं भरून जाणार. आणि कळस बसला की पायाड सुटणार. पुन्हा माझ्या हयातीत ते कशाला बांधतील?

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीच मी निघाले. चौफुल्याहून शिरूरची एसटी धरली. मधे भीमेचा पूल लागतो. तिथं मी दरवेळी डोळे मिटून पुढच्या सीटची दांडी धरते, तशीच धरली. न्हावऱ्याला उतरून जीपनं गावात गेले. घरी पिशवी टेकवली आणि भावाला म्हणाले, "मला वर जायचंय."

भाऊ म्हणाला, "आक्के, माळ्यावरचा डबा काढायला तू दुसऱ्याला सांगतीस. पडलीस तर दाजींना काय सांगू?"

"सांगा, पोपट धरायला गेल्ती," वहिनी म्हणाली, आणि माझ्या पदराचं टोक स्वतःच माझ्या कमरेला खोचून दिलं.

रंगवाला उत्तरेकडचा होता. तो पुढं चढला. म्हणाला, "अम्मा, नीचे मत देखो. मेरे पाँव देखो." मी त्याच्या भेगाळलेल्या टाचा बघत चढले. बांबू हलला की जागच्या जागी थांबायचे. खालून भाऊ ओरडायचा, "पुरं झालं, ये खाली." तिसऱ्या फळीवर पोचले तेव्हा ब्लाऊज घामानं भिजला होता.

पोपट माझ्या हाताएवढे होते. मी वाकून त्यांच्या मागच्या बाजूला बघितलं. पाठीवर एकेक पीस कोरलेलं होतं. एकावर एक, शेपटीपर्यंत. एकानं मान मागं वळवून चोच पंखात घातली होती. शिखराकडं वळलेली ही बाजू रस्त्यावरून कुणालाच दिसत नाही, तरी कुठं घाई केलेली नव्हती. मी पिसांवरून बोट फिरवलं. सिमेंट उन्हानं तापलं होतं. इथंच फळीवर बसून आण्णा हाक मारत होते, आणि मी हातातलं फावडं ठेवून नुसतं यायचं होतं. ते तेव्हा काय बोलले असते, कोणता पोपट आधी दाखवला असता, हे आता मला कोण सांगणार?

"आक्के, मागं वळून बघ, नदी दिसती!" खालून भाऊ ओरडला. मी वळले नाही.

रंगवाल्यानं डब्यात ब्रश बुडवला. अनोळखी माणसापुढं माझा आवाज निघत नाही. तरी म्हणाले, "भैया, ये बाजू जेवण के बाद करो ना."

तो हसला आणि डबा घेऊन पलीकडच्या बाजूला गेला. मी गावाकडं पाठ करून पोपटांपाशी फळीवर बसले.