लेकीचं आजोळ

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी माझ्या पोटी लेक आली. माझी स्त्रीबीजं वेळेआधीच संपली होती, म्हणून नागपूरच्या दवाखान्यात दुसऱ्या एका बाईचं बीज घेतलं. बीज तिचं, बाप माझा नवरा, आणि नऊ महिने ओकाऱ्या काढल्या मी. ती बाई कोण, हे मला माहीत नाही. कायद्यानं सांगतही नाहीत. एवढंच कळलं की तिला स्वतःचं लेकरू आहे. सुया तिनंही टोचून घेतल्या असणार, पोट तिचंही दुखलं असणार. हात जोडले की मला आधी ती आठवते. देवाचा नंबर नंतर लागतो.

हे घरात तिघांनाच माहीत होतं. सासूबाईंना नवऱ्यानं चाचरत सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, "आपल्या घरचं रगत हाय ना? मंग कायले घाबरून राहिले?" इतक्या मायेनं बोलल्या की त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण पुढे तेच वाक्य कुसळासारखं रुतून बसलं. सासरचं रक्त होतं. माझ्या माहेराचं काय? दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या बाईंनी खूप विचारलं होतं. लेकीवर माया बसेल का, मोठेपणी तिला सांगाल का. आजोळाचं मात्र कुणीच विचारलं नाही.

माझं माहेर लाखांदूरकडचं. आईवडील गेले, उरला एक धाकटा भाऊ, तलावात मासोळी धरणारा. लेक झाली तेव्हा भंडाऱ्याला आमच्या घरी आला आणि पाळण्यात वाकून म्हणाला, "नाक तं मायचंच हाय!" म्हणजे आमच्या आईचं. मी हसले आणि न्हाणीत जाऊन रडले. तेव्हापासून त्याचा फोन आला की मी चोरासारखी बोलायची. एवढं सुख पदरात पडलं होतं, आणि ज्याच्याजवळ मिरवावं त्याच्याशीच लपवाछपवी.

लेकीचं जावळ काढायचं ठरलं. लेकरू मामाच्या मांडीवर बसतं आणि न्हावी पहिले केस काढतो. भाऊ सकाळच्या एसटीनं आला, भाचीला फ्रॉक आणि मला साडी घेऊन. तिला त्याच्या मांडीवर द्यायची तर खरं सांगूनच द्यायची, असं मी ठरवलं होतं. त्याला मागच्या अंगणात नेलं. समजावायला एक दाखलाही तयार ठेवला होता: तलावात मासोळीचं बी, म्हणजे बारकी पिल्लं, बाहेरून आणून सोडतात, तरी मासोळी आपल्याच तलावाची म्हणतात ना, तसंच हे.

"ताई, मासोळीचं काय सांगून राहिली मले? माणसाचं बोल," तो म्हणाला.

मग सगळं बोलले. लेक माझ्या पोटची आहे, पण बीज दुसऱ्या बाईचं. आपल्या मायचं रक्त तिच्यात नाही, नाकही मायचं नाही. तो खाली मान घालून ऐकत होता. मला वाटलं, हा आता पिशवी उचलून चालू लागतो.

"आधी काहून नाही सांगितलं?"

"तू मामा राहशील का नाही, याचं भेव वाटे."

"येडी हायेस," एवढंच म्हणून तो आत गेला.

पुढच्या खोलीत पाट मांडलेला होता. भाऊ बसला, लेकीला मांडीवर घेतलं. वस्तरा पाहून तिनं असा गळा काढला की शेजारचे डोकावले. "रडनं तं तुह्यासारखंच हाय, ताई," तो म्हणाला. केस काढून झाले, डोक्याला हळद लावली. आमच्याकडे मग मामा भाचीच्या पाया पडतो. भावानं तिची इवली पावलं हातात घेऊन त्यांना कपाळ टेकवलं. थोडं थांबून पुन्हा टेकवलं.

"दोनदा काहून?" सासूबाईंनी विचारलं.

त्यानं लेकीला उचलून घेतलं. लेक माझ्याकडे देताना हळूच म्हणाला, "ते बाईही कोनाची तरी बहीन असन ना, ताई. तिच्या भावाले कोन सांगन, का तो मामा झाला म्हणून? त्याच्या वाटचा मीच पडलो पाया."