आत्याच्या ओव्यांची दुसरी कॅसेट

ज्वारीचं बी आमच्याकडं कधी एका घरात ठेवलं नाही. अर्धं पोखर्णीजवळच्या आमच्या घरी, लिंबाचा पाला आणि राख घालून, आणि अर्धं गंगाखेडकडं आत्याच्या घरी. तिचंही अर्धं आमच्याकडं असायचं. एका घरी कीड लागली तर दुसऱ्या घरचं पेरायला होतं, एवढाच त्यातला हिशोब.

म्हणूनच आत्या वारली आणि तिच्या ओव्यांची एकच कॅसेट असल्याचं कळलं, तेव्हा वडिलांचा जीव थाऱ्यावर राहिना. आत्याच्या मुलानं तिच्या शेवटच्या दिवाळीत तिला पुढ्यात बसवून ती भरून घेतली होती. ओव्या सगळ्या भावाच्या कौतुकाच्या, आणि तिला भाऊ एकच, माझे वडील. आपलं एवढं कौतुक कोण कीड लागायला सोडून देईल?

परभणीत एका दुकानात वायर जोडून कॅसेटवरून कॅसेट भरून द्यायचे. पण ते विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. आज मोर्चा, उद्या बंद, एसटी सुटेल की नाही याचा भरवसा नाही, आणि आत्याच्या मुलाला कॅसेट लगेच परत हवी होती. मग वडिलांनी शेजाऱ्यांचा टेप मागून आणला. आमचा टेप आणि त्यांचा, असे दोन्ही घोंगडीवर तोंडाला तोंड लावून ठेवले. एकात आत्या, दुसऱ्यात कोरी कॅसेट. घरात संचारबंदी लागू झाली. कोंबड्या डालग्याखाली गेल्या, शेळी मागं नेऊन बांधली, मला खोकायची बंदी झाली. माय दाराशी ज्वारी पाखडत बसली होती, तिचं सूप थांबवलं. वडिलांनी दोन्हीकडची बटणं दाबली.

जात्यावरची ओवी दोघींची असते. एकीनं पहिली ओळ म्हणायची, दुसरीनं पुढची उचलायची. आत्या माहेरी आली की ती आणि माझी माय, नणंद-भावजय, एकाच जात्याला बसायच्या. गायच्याही तिथंच आणि भांडायच्याही तिथंच. कॅसेट भरताना आत्या एकटी होती, तरी सवय कुठं जाते? पहिली ओळ म्हणून ती थांबायची, आणि कुणी उचलली नाही की पुढची स्वतःच म्हणायची.

आत्या अशी थांबली आणि मायनं ओळ उचलली. मोठ्यानं नाही, जात्याला बसल्यावर जेवढा लागतो तेवढ्याच आवाजात. आपण गातोय हे तिचं तिलाही कळलं नसावं. पुढच्या ओवीलाही तेच झालं. मग वडील ओरडले.

"अगं, गप बस की. तुझा आवाज उमटायलाय त्याच्यात."

माय गप बसली, ती कॅसेट संपेपर्यंत.

संध्याकाळी आम्ही नवी कॅसेट ऐकली. आत्या जरा लांबून गाते आहे आणि वडील मात्र अगदी कानात ओरडतात. पोट दुखेपर्यंत हसलो, सगळ्यांत जास्त मी. मायही हसली. म्हणाली, बहिणीच्या ओव्यांतसुद्धा माझ्यावर वरडून घेतलं तुमी. पुढं कित्येक वर्षं पाहुणे आले की चहाबरोबर तेवढा तुकडा ऐकवला जायचा.

मग एका उन्हाळ्यात माय तापानं गेली. तिचा आवाज कुणीच कधी भरून ठेवला नव्हता. रोज घरात असणाऱ्या माणसाचा आवाज कोण भरतं? तिकडं आत्याच्या मुलाकडची कॅसेट टेपात अडकून तुटली होती. म्हणजे जे काही उरलं ते आमच्या कॅसेटीतच. मायच्या दोन ओळी, वडिलांचं ओरडणं, आणि नंतर प्रत्येक ओवीत आत्या थांबते तेव्हाची शांतता. माय होती तोवर ही शांतता मला ऐकूच आली नव्हती. आता ऐकवत नव्हती. आत्या वाट बघते, कुणी येत नाही, आणि ती एकटीच पुढं जाते.

वडील दुपारी कॅसेट लावायचे. आपल्या ओरडण्याची जागा जवळ आली की उठायचे, भर उन्हात बैलांना वैरण टाकायला जायचे. बैलांपुढं सकाळचीच वैरण पडलेली असायची. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. आपण किती हसलो होतो ते आठवलं की मीही कामाला लागायची.

पुढं सेलूला नोकरी लागल्यावर मी दोन कॅसेटींचा टेप घेतला. वडील एकदा टॉवेलात कॅसेट गुंडाळून आले. बी एका घरी ठेवू न्हाई, म्हणाले. मी दोन्ही कॅसेटी घातल्या. आता कुणाला गप्प बसवायची गरज नव्हती, बाहेर गल्लीत पोरं खुशाल ओरडत होती. मायच्या दोन ओळी झाल्या आणि मी बटण दाबून टेप थांबवला. म्हटलं, बाबा, तुमचं बोलणं तेवढं गाळता येतं. नव्या कॅसेटीत ते येणार नाही. मला वाटलं, त्यांचा जीव हलका होईल.

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"गाळू नको," ते म्हणाले. "ते काढलं तर ऐकणाराला वाटंल, तुझ्या मायला पुढचं येतच नव्हतं."

मी टेप पुन्हा सुरू केला. या वेळी ते उठून गेले नाहीत.