आईच्या मापाची खुर्ची

बारकूमामा खुर्चीवर बसायचा कमी आणि उठायचा जास्त. जुन्या सामानाच्या गोदामात शिरला की एखादी खुर्ची ओढायची, डोळे मिटून बसायचं, उठायचं. पुन्हा बसायचं, पुन्हा उठायचं. एका खुर्चीमागे एकवीस वेळा, मी मोजलंय. एकदा गोदामातल्या नव्या हमालाला वाटलं, म्हाताऱ्याला कुणीतरी उठाबशांची शिक्षा केलीय. त्यानं बिचाऱ्यानं धावत जाऊन पाणी आणलं. मामानं पाणी प्यायलं आणि उरलेल्या नऊ उठाबशा पुऱ्या केल्या.

"बसायला काय, माणूस दगडावर पन बसतो," तो म्हणायचा. "बसून काय बगतोस, भाच्या? उठून बग. उठवते ती खुरची."

नाव बारकू, पण उंची अशी की आमच्या नारपोलीत विजेची तार लोंबली की लोक आधी मामाला बोलवायचे, मग वायरमनला. चाळीस वर्षं त्यानं लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, जॉबरचं काम केलं. लूम अडला की त्याची नस पकडून तो चालू करणारा माणूस म्हणजे जॉबर. त्या खडखडाटात त्याचे दोन्ही कान गेले. त्यामुळे समोरच्याचं बोलणं तो ओठांवरून ओळखायचा आणि त्याची स्वतःची कुजबुज कल्याणला ऐकू जायची. पण कान गेले तसे हाताला कान फुटले. यंत्रावर तळवा ठेवून तो सांगायचा, कुठला स्क्रू ढिला आहे. रिटायर झाल्यावर तोच तळवा त्यानं खुर्च्यांवर ठेवायला सुरुवात केली. मुंबईत जुनी घरं पडायची आणि त्यातलं सामान ट्रकनं कशेळीकडे इस्माईलभाईच्या गोदामात यायचं. मामा तिथं रोज हजर.

"जॉबरसाब, लेना है, या सिर्फ कसरत करनी है?" इस्माईलभाई विचारायचा.

"तेरी खुर्ची को पूछ रहा हूँ. तू बीच में मत बोल," मामा सांगायचा.

त्याचं हे वेड आमच्या घरी कामाला आलं ते दोन हजार चारच्या भाऊबीजेला.

आमची वडपे गावची जमीन गोदामवाल्यांना विकली गेली आणि त्या पैशात बाबांनी घरात डायनिंग टेबल आणलं. टेबल म्हणजे केवढं? त्यावर विमान उतरलं असतं. आणि भोवती आठ खुर्च्या सोनेरी, उंच पाठीच्या, दोन्ही बाजूंना वाघाचे पंजे असलेल्या हातांच्या. बाबा त्यात बसले की आम्हाला मुजरा करावासा वाटायचा. आईची मात्र पंचाईत. बसली की पाय अधांतरी. गादीत रुतायची ती अशी, की बाहेर काढायला माणसं लागायची. अंगानं ती भरलेली; उठायला गेली की पंजे दोन्हीकडून आवळायचे आणि खुर्चीच तिच्याबरोबर उभी राहायची. पहिल्या दिवशी आम्ही पोट धरधरून हसलो. ती पण हसली. दुसऱ्या दिवसापासून म्हणाली, "तुमी जेवा, मी गरमगरम वाढते."

आठ महिने ती गरमगरम वाढत होती. आम्ही खात होतो.

भाऊबीजेला मामा जेवायला बसला. पहिला घास उचलला आणि खाली ठेवला. उठला, तडक किचनमध्ये गेला. मी मागोमाग. आई तेलाचा डबा पालथा घालून त्यावर बसली होती, ताट मांडीवर. गुडघे दुखायला लागल्यापासून तिला खाली बसता येत नव्हतं.

"बाय, इथं काय करतंस?"

"जेवतंय. हितंच बरं हाय, दादा."

"डब्यावर?"

"पाय टेकतात माजे."

मामा काही बोलला नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण मामा काही बोलला नाही असं त्या वर्षात एवढं एकदाच झालं. त्यानं खिशातून लूमचं लाल सूत काढलं, आईपुढे खाली बसला, जमिनीपासून तिच्या गुडघ्यामागच्या खळीपर्यंत सूत ताणलं आणि गाठ मारली. मग बाहेर येऊन बाबांना म्हणाला, "दाजी, आठ खुरच्या आनल्यात, आन मानसं मोजलीच न्हाईत."



पुढचा दीड महिना मामा ते सूत घेऊन हिंडला. खुर्ची बिनहाताची पाहिजे, टेबलाखाली सरकली पाहिजे, बैठक वेताची आणि ताठ पाहिजे, आणि उंची गाठीएवढी. शिवाय आमच्या घराची म्हणून एक वेगळी परीक्षा होती. आमच्या भिंतीला लागून बत्तीस लूमचा कारखाना. घर दिवसभर असं थरथरायचं की दुधाला विरजण लावण्याआधीच लोणी यायचं. लाईट जाऊन लूम थांबले की शांततेनं दचकून पोरं रडायची. अशा घरात सांध्यात ढिली असलेली खुर्ची एका जागी राहत नाही, चालायला लागते. म्हणून मामा आणलेली खुर्ची जमिनीवर ठेवायचा, चारही पायांभोवती खडूनं रिंगण काढायचा आणि एक शिफ्ट वाट बघायचा.

पहिली खुर्ची दुपारपर्यंत किचनच्या दारात पोचली. "बग बाय, तुज्याआधी हीच जेवायला आली," असं म्हणत मामानं ती खांद्यावर टाकून परत नेली. दुसरी भिंतीला जाऊन चिकटली. तिसरी गोल फिरली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. पाचवी तर, देवाशपथ, उंबरा ओलांडायच्या बेतात होती, मी धरली म्हणून. इस्माईलभाई खुर्च्या परत घेऊन घेऊन कंटाळला. "आप की बहन रानी है क्या?"

"हाँ," मामा म्हणाला. "तेरे को आज मालूम पडा?"

सातवी शिसवी होती, कुठल्यातरी जुन्या दवाखान्यातली. काळीभोर, पाठीला नुसत्या तीन उभ्या पट्ट्या, नक्षी नाही. बाबा म्हणाले, "ही? आपल्या टेबलाला? लोक काय म्हणतील?"

"लोक उभ्यानं जेवतील," मामा म्हणाला.

तिचाही मागचा एक सांधा ढिला निघाला. मामानं गरम पाण्यानं जुना सरस सोडवला, नवा भरला, सुतळीनं आवळून दोन दिवस ठेवली. मग रिंगण काढलं. शिफ्ट झाली, दुसरी झाली. खुर्ची जागची हलली नाही. मामा एकवीस वेळा उठला-बसला, मग आईला हाक मारली.

आई आली, दारात स्लिपर काढली, बसली. आणि तिचे पाय दोन बोटं वर तरंगले.

मामानं सूत लावलं, गाठ बरोबर. मग त्याचं लक्ष दाराकडे गेलं. भाऊबीजेला आईच्या पायात स्लिपर होती. डॉक्टरनं टाचेसाठी किचनमध्ये घालायला सांगितलेली, जाड तळव्याची. डब्यावर ती तशीच जेवायची; पण टेबलाशी, पानावर बसताना आमच्यात पायात काही घालत नाहीत. चाळीस वर्षं केसाएवढी फट हातानं ओळखणारा माणूस चपलेचं माप घेऊन दीड महिना हिंडला होता. इतका पडलेला चेहरा मी लूमवाल्यांच्या मंदीतही पाहिला नाही.

बाबांना जोर आला. "त्यात काय? काप पाय दोन बोटं. आणू करवत?"

"चूक माजी, आन पाय तिचे कापू?" मामा ओरडला. "दीडशे वर्सं उभी हाय ती!" दीडशे त्याचा आकडा. मी साठच धरतो.

आई हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे दादा. डबा हाय ना."

त्या 'डबा'वर मामा उठला, एका सोनेरी खुर्चीवर चढला आणि माळ्यावर हात घातला. धुळीतून त्यानं आईचा जेवायचा पाट ओढून काढला, पितळी फुल्यांचा, तिच्या लग्नातला. पुसला आणि टेबलाखाली तिच्या पायांपुढे ठेवला.

"अरे, पाटावर पाय?" आईनं पाय आखडले. "जेवनाचा पाट हाय तो!"

"तीस वर्सं बूड टेकलंस तवा न्हाय बाटला. पायानं बाटतो?"

आई इतकी हसली की पाय कधी टेकले ते तिलाच कळलं नाही. त्या दिवशी बाबांनी तिला वाढलं. आमटी सांडली, पण वाढलं. महिन्याभरात बाबांनी स्वतःच दोन सोनेरी खुर्च्या विकल्या आणि मामाला म्हणाले, "माझं पण सूत घे." मामानं आधी त्यांना चप्पल काढायला लावली.

मामा चार वर्षांनी गेला, झोपेत. फोन आला तेव्हा आई टेबलाशी बसून वालपापडी निवडत होती. मी सांगितलं. ती पाटाकडे बघत राहिली. मग उठायला लागली तसे मी आणि बाबा दोन्हीकडून धावलो.

"हात काढा," ती म्हणाली. "दादानं उठून बगितलीय ती."

तिनं बैठकीच्या दोन्ही कडा दाबल्या आणि एकटी उभी राहिली. पलीकडे बत्तीस लूम चालू होते. खुर्ची जागची हलली नाही.