लाजाळू उघडेपर्यंत

ईरा, आज सकाळी फिरताना रस्त्याच्या कडेला लाजाळू दिसलं आणि दिवाळीतला आपला कोकणचा प्रवास आठवला. घाटात तुझ्या बाबाने गाडी थांबवली होती. धाकट्या नीलने लाजाळूच्या पानापानाला बोट लावून ती मिटवली आणि तो खिदळत पळाला. तू मात्र तिथेच उकिडवी बसलीस.

"चल ग, अंधार पडायच्या आत पोचायचंय," मी म्हणाले. माझं सगळं वेळापत्रक आखलेलं होतं.

"आजी, आपण त्याला घाबरवलंय. ते उघडेपर्यंत मी नाही येणार."

"गेलं आईचं वेळापत्रक दरीत!" बाबा हसला.

मग आपण सगळेच बसलो. पानं इतकी सावकाश उघडली की उघडताना दिसलीच नाहीत. उघडल्यावरच कळलं.

तुम्ही परतीच्या विमानात बसलात तेव्हापासून हे घर मिटल्यासारखं झालंय. मी कपाटं आवरली, पडदे धुतले, तरी ते तसंच.

आज त्या पानांना हलकेच बोट लावलं आणि तिथेच उभी राहिले. शेजारच्या मालतीबाईंनी विचारलं, "काही हरवलं का हो?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही व्हा पुढे. हे उघडलं की येते."