पुलाखालची जागा

सैन्यात सगळे त्याला जनरलसाहेब म्हणत. गाडीला झेंडा, दाराशी पहारा, आणि त्याचा फोन गेला की पलीकडचा माणूस खुर्चीतून उठून बोलायचा. पण सुतारगल्लीतल्या त्या लांबट, भुशाने भरलेल्या कारखान्यात तो शेवटपर्यंत 'धाकटा'च राहिला. कारखाना त्याच्या मोठ्या भावाचा, दादाचा. "माझाही एक हुद्दा आहे," दादा गिऱ्हाइकांना सांगायचा. "मी थोरला. त्याला कितीही बढत्या मिळू देत, ह्याच्या वर काही त्याला जाता येत नाही."

वडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. दादाने करवत हातात घेतली आणि त्याला बजावलं, "तू शीक. दोघांनी मिळून भुसा खाण्यात काही अर्थ नाही." धाकटा शिकला. पण सुटी लागली की कारखान्याच्या कोपऱ्यात बसून लाकडाच्या पट्ट्यांचे पूल करायचा. सरस लावायचा नाही, नुसत्या खुंट्या मारायचा, आणि वर एकेक वीट चढवत जायचा. पूल मोडला की दुसरं पोर रडलं असतं. हा तिथंच पालथा पडून तो कुठून मोडला ते बघत बसायचा. आई कपाळाला हात लावायची. "ह्याचं कसं व्हायचं गं बाई!"

झालं ते असं, की तो सैन्यात पूल बांधणाऱ्या पलटणीत अधिकारी झाला. पहिल्या सुटीवर आला तेव्हा दादाने त्याचे तळवे उलटेसुलटे करून पाहिले. सगळीकडे घट्टे!

"अरे, हे तर माझेच हात! मग एवढं शिकून काय मिळवलंस?"

"दादा, तू दारं करतोस, मी रस्ते करतो. फरक एवढाच, की माझं काम चालू असताना लोक माझ्यावर गोळ्या झाडतात."

"माझी गिऱ्हाइकं तू अजून पाहिली नाहीस," दादा म्हणाला.

मग वर्षं भराभर गेली. धाकट्याने वाळवंटातल्या कालव्यांवर पूल टाकले, डोंगरातल्या घळींवर टाकले, एका लढाईत तर तोफा धडधडत असताना टाकला आणि गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घेऊन परत आला. तेव्हापासून जरा लंगडायचा. त्याच्या खांद्यावर काय काय चढतंय याचा हिशेब वहिनी ठेवायची, कारण दादाला चांदण्यांमधलं ओ की ठो कळत नसे. तो जनरल झाल्याचं तिने मोठ्या उत्साहाने सांगितलं, "अहो, भावजींच्या खांद्यावर आता तलवार आणि दंडा आलाय!"

"दोन्ही?" दादा रंधा न थांबवता म्हणाला. "म्हणजे एकट्या तलवारीवर त्यांचाही भरवसा दिसत नाही."

तोंडाने असं बोलायचा, पण त्या दिवशी येईल त्या गिऱ्हाइकाला त्याने चहा पाजला.

एक गोष्ट मात्र त्याच्या मनाला फार लागली होती. धाकट्याची बायको एकदा जेवताना सहज बोलून गेली, की या पलटणीची एक जुनी रीत आहे. पूल ज्याच्या हुकमाने टाकला, त्याने पहिली गाडी जाताना त्या पुलाखाली जाऊन उभं राहायचं. दादाचा घास हातातच राहिला.

"हा काय चावटपणा आहे? मी पलंग विकतो, म्हणून गिऱ्हाईक झोपल्यावर त्याच्या खाली जाऊन पडतो का?"

"पडलास तर पलंग जास्त चांगले करशील," धाकटा शांतपणे म्हणाला.

पुढे धाकटा वरच्या हुद्द्यावर गेला, पूल तरुण अधिकारी टाकू लागले आणि खाली उभं राहण्याची पाळी त्यांच्यावर गेली. दादाला हायसं वाटलं. आणि आता तर पुढच्या आठवड्यात भाऊ निवृत्तच होणार होता.

नेमका तेव्हाच नदीला पूर आला आणि गावचा पूल गेला!

नुसता गेला नाही, तर मधल्या खांबांसकट उपटून गेला. बाजार अलीकडे, इस्पितळ पलीकडे. वीज बंद, इस्पितळातली यंत्रं डिझेलवर चाललेली, आणि ते डिझेल संध्याकाळपर्यंतच पुरणार होतं. दुपारच्या आत सैन्याच्या गाड्या धडधडत बाजारात शिरल्या. पहिल्याच गाडीतून लंगडत उतरला तो धाकटा. आपल्या गावचा पूल म्हटल्यावर त्याला कार्यालयात बसवेना. अख्खा बाजार काठावर लोटला. दादाही हातातली पटाशी टाकून धावला. मागोमाग वहिनी.

पूल टाकणाऱ्या तुकडीची प्रमुख एक तरुण मेजर होती. ती घामाघूम होऊन साहेबांपुढे उभी राहिली. "सर, पुलाच्या निम्म्या चौकटी घेऊन येणाऱ्या गाड्या दरडीमागे अडकल्यात. पुस्तकाप्रमाणे एवढ्या लांबीला चौकटींचे दोन थर हवेत. आपल्याकडे एकाच थरापुरता माल आहे."

"पुस्तकाप्रमाणे नदीसुद्धा एवढी रुंद नको होती," धाकटा म्हणाला. तो उकिडवा बसला, काडीने चिखलात आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. मग उठला. "एकाच थराचा टाका. डिझेलचा टँकर अर्धाच भरा. एका वेळी एकच गाडी, आणि तीही चालत्या माणसाच्या वेगाने."

"आणि खाली मी उभी राहते, सर."

"हुकूम कुणाचा?"

"तुमचा, सर. पण तुकडी माझी आहे."

"हुकूम माझा, म्हणजे जागाही माझी. चला, लागा कामाला!"

दादाने हे ऐकलं मात्र, गर्दी सारत तो पुढे घुसला. "अरे, तुझं वय काय, तुझा गुडघा काय! पुढच्या आठवड्यात घरी यायचंय तुला! ती पोरगी आपणहून उभी राहतेय ना?"

"म्हणून तर तिला राहू द्यायचं नाही, दादा. आकडे मी मांडलेत."

"मग पुन्हा मांड!"

"मांडले. तेच आले."

आणि मग जे सुरू झालं, तसं त्या गावाने कधी पाहिलं नव्हतं! सहा-सहा जवान एकेक पोलादी चौकट उचलून पळत होते. घण पडत होते, खुंट्या बसत होत्या. पूल तयार होत होता तो सगळा एकाच काठावर. पुढे नाकासारखा एक हलका सांगाडा, मागे तोल राखायला वजन, खाली सरकवायला फिरते रूळ. मेजरने हात खाली केला, की अख्खी तुकडी "हो!" करून रेटायची आणि ते धूड हवेत पुढे सरकायचं. खाली गढूळ पाणी उसळतंय, वर ते नाक अधांतरी डोलतंय! पोरंसोरंच काय, म्हातारीकोतारीही जवानांबरोबर "हो!" म्हणून ओरडायला लागली. वहिनीचा आवाज सगळ्यांत वर. शेवटी नाक पलीकडच्या काठावर धप्पकन टेकलं आणि दोन्ही काठांवरून अशी आरोळी उठली, की झाडांवरची पाखरं उडाली.

 दादाचे डोळे मात्र खाली होते. जुन्या पुलाचा एक दगडी चौथरा काठालगत शिल्लक होता, नव्या पुलाच्या बरोबर खाली. त्यावर घोटाभर पाण्यात धाकटा हात मागे बांधून उभा राहिला होता. त्याने वर पाहून मान हलवली.

टँकर पुलावर चढला. थोडा पुढे गेला आणि पूल ओरडला. करर्र... कट्! कट्! मधला भाग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली वाकला.

दादाचा जन्म लाकडात गेला होता. तो आवाज ऐकल्यावर थांबायचं नसतं, हे त्याच्या हाडांत मुरलेलं. "मोडतोय! मोडतोय रे!" म्हणत त्याने दोरी ओलांडली, एका जवानाला ढकललं आणि दगडांवरून घसरत, आपटत, थेट चौथरा गाठला. धाकट्याचा दंड धरून त्याने हिसका दिला. "चल बाहेर! लाकूड असं ओरडलं की तुटतं!"

खाली गडबड दिसताच मेजरने झेंडी आडवी केली. टँकर थांबला. आणि थांबला तो ऐन मध्यावर!

 पुलाचा पुन्हा एक कट् आवाज.

"दादा, हे लाकूड नाही! खुंट्या आपापल्या भोकात घट्ट बसताहेत. पूल ओरडला नसता, तर मीच पळालो असतो!" धाकट्याने मान वर करून गर्जना केली, "मेजर! गाडी चालू द्या! सावकाश, पण थांबायचं नाही!" मग हळू आवाजात म्हणाला, "तू वर जा."

"तू चल."

"मी नाही येत."

"मग मीही नाही."

"दादा, हात तरी सोड. दुखतोय."

"दुखू दे."

इंजिन गुरगुरलं. वरून गंज आणि चिखल दोघांच्या डोक्यावर पडला. वाकलेलं पोलाद तसूतसूने वर येऊ लागलं. टँकर सरकला, सरकला, आणि पलीकडच्या मातीवर चाकं लागताच इस्पितळाच्या गच्चीवरून लोकांनी चादरी फडकावल्या. अलीकडे वहिनी एकाच वेळी हसत होती, रडत होती आणि नवऱ्याच्या नावाने शंख करत होती.

मेजर धापा टाकत खाली आली. सॅल्यूट ठोकून म्हणाली, "सर, पूल आपल्या हिशेबापेक्षा कमीच वाकला. आणि मध्यावर गाडी थांबवून बघायचं तर आपण ठरवलंच नव्हतं. तेही झालं!"

"ती चाचणी आमच्या दादाने घेतली," धाकटा म्हणाला.

"दुसरा टँकर तयार आहे. सोडायचा ना, सर?"

दादाच्या अंगात आता वारं शिरलं होतं. भावाने तोंड उघडायच्या आतच तो ओरडला, "सोडा म्हणजे काय! सोडाच!"

मेजरने हसू दाबत साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली, दादाची बोटं आपल्या दंडावरून एकेक करून सोडवली आणि ते चौथऱ्यावरून काठाकडे एक पाऊल मागे सरकले.

"ऐकलंत ना, मेजर? हुकूम ह्यांचा आहे."

दादाने एकदा वर पुलाकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग धोतराचा ओला सोगा खोचला, धाकटा उभा होता त्या जागी पाय रोवले आणि हात मागे बांधले.

"येऊ दे गाडी," तो म्हणाला. "आणि तू लांब हो. एकाच माणसाची जागा आहे."